फास्ट सॉल्ट कसं घडवतात: रंग कुठून येतो, टिकाव कुठून

सुती कापडावरचा नॅफ्थॉलचा लाल रंग डब्यातून तयार येत नाही, तो कापडावरच तयार होतो. आधी कापड नॅफ्थॉलच्या अल्कली द्रावणातून काढून पिळतात. तेव्हा ते फार तर पिवळसर दिसतं. मग दुसऱ्या, गार बाथमध्ये सोडलं की बघता बघता लालभडक होतं. त्या दुसऱ्या बाथमध्ये विरघळवलेली पूड म्हणजे फास्ट सॉल्ट. तिचा स्वतःचा रंग फिका, पिवळट. पण पुढे होणाऱ्या रंगाचा अर्धा रेणू तिच्यात असतो. रसायनशास्त्रात या पदार्थांना डायझोनियम क्षार म्हणतात, कारखान्यात नुसतं 'डायझो'.

वडोदऱ्याला हा विषय परका नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशाळा काढून त्रिभुवनदास गज्जर या रसायनज्ञाच्या हाती दिलं, तेव्हापासून रंगाईचं रसायन इथे शिकवलं जातंय. कोयलीच्या रिफायनरीत बेन्झीन निघतं, नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत सोडियम नायट्राइट बनतं. म्हणजे डायझोच्या कच्च्या मालाची दोन टोकं शहराच्या वेशीवरच आहेत. दांडिया बाजारात राहून नंदेसरीला पाळीवर जाणारे आणि टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकणारे, दोघांनाही उपयोगी पडेल अशा बेताने इथे या क्षाराची घडण सांगितली आहे.

पीटर ग्रीस याने १८५८ मध्ये हे क्षार पहिल्यांदा ओळखले. ॲनिलिनसारख्या ॲरोमॅटिक अमाइनवर थंडीत नायट्रस आम्लाची क्रिया झाली की अमाइनच्या जागी दोन नायट्रोजन अणूंची जोडी येते आणि तिच्यावर धनभार राहतो. हा धन आयन इलेक्ट्रॉनच्या शोधात असतो. समोर नॅफ्थॉल किंवा दुसरं अमाइन आलं की तो त्याच्या वलयाला जाऊन चिकटतो आणि दोन वलयांमध्ये नायट्रोजनचा दुहेरी पूल तयार होतो. तो पूल म्हणजे ॲझो गट. दोन्ही वलयं आणि पूल मिळून दृश्य प्रकाश शोषतात, म्हणून रंग दिसतो. या चिकटण्याला कपलिंग म्हणतात.

अडचण अशी की त्या दोन नायट्रोजन अणूंना वलयापासून सुटून वायू होऊन जाण्याची घाई असते. ते सुटले की मागे फिनॉल, डांबरासारखा चिकटा आणि उष्णता उरते. उष्णता थोडीथोडकी नाही, मोलमागे साधारण १६० ते १८० किलोज्यूल. लिटरमध्ये एक मोल डायझो असलेलं द्रावण पूर्ण विघटित झालं आणि उष्णता बाहेर जायला वाव नसला, तर द्रावणाचं तापमान सुमारे ४० अंशांनी चढतं. तापमान चढलं की विघटन आणखी जोर धरतं. शिवाय मोलमागे २२ लिटरहून जास्त नायट्रोजन बाहेर पडतो. बंद भांड्यात याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

म्हणून हा क्षार घडवताना दोन निर्णय वेगवेगळे घ्यावे लागतात. धन आयन, म्हणजे मूळ अमाइन कोणतं, यावर रंगाची छटा आणि कपलिंगचा वेग ठरतो. ऋण आयन, म्हणजे त्या धनभाराला जोडीला काय दिलं, यावर क्षार किती टिकेल आणि किती सुरक्षित राहील ते ठरतं. शेडकार्ड बघून नुसतं अमाइन निवडणारे लोक पुष्कळ असतात. आमच्या मते निम्मं कौशल्य ऋण आयनात आहे, आणि त्याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं.

प्रयोगशाळेतला एक नमुना

सगळ्यात स्वच्छ उदाहरण ऑरेंज टू या रंगाचं. यात मूळ अमाइन आहे सल्फानिलिक आम्ल. त्याच्या वलयावर एका टोकाला अमाइन आणि दुसऱ्या टोकाला सल्फोनिक गट असतो. डायझो झाल्यावर धनभार आणि ऋणभार दोन्ही एकाच रेणूत राहतात, म्हणजे बाहेरचा ऋण आयन लागतच नाही. याला अंतर्गत क्षार म्हणतात.

४.८ ग्रॅम सल्फानिलिक आम्ल (एक रेणू पाणी असलेलं) आणि १.३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट ५० मिलिलिटर पाण्यात घेऊन द्रावण नितळ होईपर्यंत गरम करा. कार्बोनेट लागतं कारण सल्फानिलिक आम्ल नुसत्या आम्लात विरघळत नाही. त्याचा सोडियम क्षार झाला की सहज विरघळतो. द्रावण नळाखाली गार करून त्यात १.९ ग्रॅम सोडियम नायट्राइट विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये २५ ग्रॅम बर्फ आणि ५ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या आणि पहिलं द्रावण ढवळत ढवळत त्यावर ओता. मिनिटा-दोन मिनिटांत पांढरी बारीक पूड खाली बसू लागते. हाच तो अंतर्गत क्षार. तो ओल्या लगद्याच्या रूपातच ठेवायचा. गाळून वाळवायचा मोह अजिबात नको, कारण कोरडा डायझो घासला किंवा आपटला तर स्फोट होऊ शकतो. काम ड्राफ्टखाली (धूर ओढून नेणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि गॉगल घालूनच करायचं. तपकिरी धूर दिसला तर समजावं की नायट्रस वायू बाहेर पडतोय.

तिसऱ्या बीकरमध्ये ३.६ ग्रॅम बीटा-नॅफ्थॉल २० मिलिलिटर १० टक्के कॉस्टिक सोड्यात विरघळवून गार करा आणि पांढरा लगदा त्यात ओता. त्याच क्षणी नारिंगी-लाल, घट्ट खळ तयार होते. पाच-दहा मिनिटं नीट ढवळा, कारण ती इतकी घट्ट असते की मधे डायझोचे गोळे अडकून राहतात. मग सगळं विरघळेपर्यंत तापवा, १० ग्रॅम मीठ घाला, सावकाश गार करा, गाळा आणि मिठाच्या संपृक्त पाण्याने धुवा. हिशोबाने ८.७५ ग्रॅम रंग मिळायला हवा. वाळवल्यावर वजन याहून जास्त भरलं तर ते यील्ड नाही, धुतल्यावर उरलेलं मीठ आहे.

हाच पांढरा क्षार पॅथॉलॉजी लॅबमध्येही रोज वापरला जातो. काविळीच्या तपासणीत रक्तातलं बिलिरुबिन मोजतात, त्यात डायझो केलेलं सल्फानिलिक आम्ल बिलिरुबिनशी कपल होतं आणि जो रंग येतो त्याची तीव्रता मोजली जाते.

आम्ल, बर्फ आणि नायट्राइट

कारखान्यातली नेहमीची पद्धत वरच्यापेक्षा उलट: अमाइन आम्लात विरघळवून त्यावर नायट्राइट सोडायचं. एक मोल अमाइनला हायड्रोक्लोरिक आम्ल अडीच ते तीन मोल लागतं. एक मोल अमाइनचा क्षार बनवण्यात जातं, दुसरं नायट्राइटमधून नायट्रस आम्ल मोकळं करण्यात, आणि उरलेलं अर्धा ते एक मोल माध्यम शेवटपर्यंत आम्ल ठेवतं. या शेवटच्या हिश्श्यात काटकसर केली की डायझो झालेला रेणू शेजारच्या न बदललेल्या अमाइनलाच चिकटतो आणि पिवळं डायझोअमिनो संयुग अवक्षेपित होतं. व्हॅटच्या (क्रियेच्या टाकीच्या) कडेला पिवळा फेस किंवा पिवळी साय दिसली तर आधी काँगो रेड पेपर बुडवून बघा. तो निळा व्हायलाच हवा. नुसता जांभळट झाला तर आम्ल कमी आहे.

तापमान ० ते ५ अंश. ॲनिलिन आणि टोल्युइडिनसाठी ही मर्यादा काटेकोर पाळावी लागते. नायट्रो गट असलेली काही अमाइन १०-१५ अंशांपर्यंत चालतात. वडोदऱ्यात मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, टाकीतलं पाणी ३२ च्या खाली क्वचित येतं. नुसतं १०० लिटर पाणी ३२ वरून २ अंशांवर आणायला सुमारे ३७ किलो बर्फ लागतो, आणि त्यात डायझोची स्वतःची उष्णता धरलेली नाही. ही क्रिया मोलमागे साधारण १०० किलोज्यूल उष्णता देते, म्हणजे दर मोलला आणखी तीनशे ग्रॅम बर्फ. हा हिशोब बॅच सुरू करण्याआधी करायचा. मधेच बर्फ संपला म्हणून नायट्राइट थांबवलं तर अर्धवट डायझो आणि अर्धवट अमाइन एकत्र उभं राहतं, आणि डायझोअमिनो व्हायला त्याहून चांगली संधी नाही. वितळलेल्या बर्फाने घनफळ वाढतं, ते व्हॅटच्या मापात आधीच धरून ठेवावं.

नायट्राइट ३० ते ४० टक्क्यांच्या द्रावणात, पृष्ठभागाखाली बुडवलेल्या नळीतून सोडतात. वरून ओतलं तर पृष्ठभागावरच नायट्रस वायू उडून जातो: नायट्राइट वाया आणि छातीला त्रास. शेवट ओळखायला स्टार्च-आयोडाइड पेपर. थेंब टाकताच निळा डाग यायला हवा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं तरी यायला हवा. पहिल्यांदा आला आणि नंतर नाही, याचा अर्थ क्रिया अजून चालू आहे. थेंब टाकून मिनिटभराने हवेवर हळूहळू उमटणारा डाग धरू नये, तो खोटा असतो.

निळा डाग कायम राहिला की उरलेलं नायट्राइट सल्फॅमिक आम्लाने मारायचं. एक मोल नायट्राइटला ९७ ग्रॅम लागतं आणि बुडबुडे येऊन नायट्रोजन निघून जातो. ही पायरी वेळ वाचवायला गाळणाऱ्यांची शेड हमखास मळकट येते, कारण मोकळं नायट्रस आम्ल पुढे कपलरवरच (डायझो ज्याला चिकटतो त्या नॅफ्थॉलसारख्या पदार्थावर) हल्ला करतं आणि तपकिरी नायट्रोसो संयुग बनवतं. मग दोष अमाइनच्या शुद्धतेला दिला जातो.

सगळी अमाइन एकाच पद्धतीने वश होत नाहीत. ॲनिलिनच्या संयुग्मी आम्लाचा (प्रोटॉन घेतलेल्या रूपाचा) पीकेए, म्हणजे आम्लाचा जोर सांगणारा आकडा, ४.६ आहे, पॅरा-नायट्रोॲनिलिनचा १.०, आणि २,४-डायनायट्रोॲनिलिनचा उणे ४ च्या आसपास. आकडा जितका खाली तितकं अमाइन डायझो व्हायला नाखूश. पॅरा-नायट्रोॲनिलिन गरम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बर्फावर ओततात, म्हणजे त्याचे अतिशय बारीक कण पडतात, आणि मग नायट्राइट थेंबाथेंबाने न घालता एकदम घालतात. इथे सावकाशीच नडते: सावकाश घातलं की पिवळं डायझोअमिनो ठरलेलं. डायनायट्रो अमाइन तर पाण्यात डायझो होतच नाहीत. त्यांना तीव्र गंधकाम्लातलं नायट्रोसिल सल्फ्युरिक आम्ल लागतं. पॉलिस्टरवरचा डिस्पर्स ब्लू ७९ याच वाटेने होतो. त्याचं अमाइन ६-ब्रोमो-२,४-डायनायट्रोॲनिलिन आहे.

धन आयन निवडताना

वलयावर नायट्रो किंवा क्लोरोसारखे इलेक्ट्रॉन ओढणारे गट असले की धन आयन जास्त भुकेला होतो आणि कपलिंग जोरात होतं. मेथॉक्सीसारखे इलेक्ट्रॉन देणारे गट असले की तो शांत होतो, कपलिंग मंदावतं. यावरून वाटेल की नायट्रो म्हणजे लवकर बिघडणारा आणि मेथॉक्सी म्हणजे टिकाऊ. प्रत्यक्षात पाण्यातलं विघटन वेगळ्या नियमाने चालतं. पॅरा जागी (वलयावर डायझोच्या बरोबर समोर) नायट्रो असो, क्लोरो असो की मेथॉक्सी, तिन्ही साध्या बेन्झीनडायझोनियमपेक्षा सावकाश विघटित होतात. मेटा जागी (एक जागा सोडून) मिथाइल किंवा मेथॉक्सी असेल तर विघटन वाढतं. म्हणजे गट कोणता यापेक्षा तो कुठे बसलाय हे महत्त्वाचं. फास्ट बेसच्या, म्हणजे ज्यांच्यापासून फास्ट सॉल्ट करतात त्या अमाइनच्या, यादीत क्लोरो, नायट्रो आणि मेथॉक्सी यांची एवढी गर्दी का, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

फास्ट रेड बी बेस घ्या: २-मेथॉक्सी-४-नायट्रोॲनिलिन. नायट्रो पॅरा जागी बसून कपलिंगला जोर देतो आणि मेथॉक्सी ऑर्थो जागी (अगदी शेजारी) बसून शेड निळसर लालाकडे झुकवतो. आता तेच दोन गट जागा बदलून बसवा, २-नायट्रो-४-मेथॉक्सीॲनिलिन. हा झाला फास्ट बोर्डो जीपी बेस. नॅफ्थॉल एएसवर (कापडाच्या रंगाईतल्या नेहमीच्या नॅफ्थॉलवर) तो गडद मरून देतो. रेणुसूत्र एकच, अणू तेवढेच. पॅरा जागेवरच्या मेथॉक्सीचे इलेक्ट्रॉन ॲझो पुलापर्यंत थेट पोहोचतात, म्हणून शोषण लांब तरंगांकडे सरकतं. आयसोमर वेगळे करण्यात ढिलाई झालेला बेस आला तर शेड का घसरते, ते यावरून लक्षात येईल.

कापडावर घडणाऱ्या रंगासाठी आणखी एक अट असते. बेसवर सल्फोनिक किंवा कार्बॉक्सिलिक गट चालत नाही. रंग पाण्यात न विरघळणारा झाला तरच तो धाग्यात अडकून राहतो. ऑरेंज टू सल्फोनिक गटामुळे पाण्यात विरघळतो, म्हणून तो लोकर-रेशमासाठी बरा, नॅफ्थॉल रंगाईत त्याचा उपयोग नाही.

नवा बेस निवडताना मात्र शेडच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: ॲझो पूल तुटला तर कोणतं अमाइन मोकळं होईल? शरीरातले जिवाणू हा पूल तोडू शकतात. म्हणून कर्करोगाशी जोडलेली अमाइन देणारे रंग बंद झाले. भारतात १९९७ च्या आदेशाने ७० ॲझो रंगांवर बंदी आली, आणि युरोपने २००२ च्या निर्देशात कापडातल्या अशा प्रत्येक अमाइनची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम ठेवली. जुन्या शेडकार्डावरचे कितीतरी लाडके बेस या यादीत आहेत: फास्ट ब्लू बी (ऑर्थो-डायॲनिसिडिन), फास्ट गार्नेट जीबीसी, फास्ट रेड टीआर, फास्ट स्कार्लेट जी. आजही कुणी स्वस्त मिळाले म्हणून ते कापडासाठी आणत असेल तर ते थेट नाकारावे, यात मधला मार्ग नाही.

ऋण आयन, म्हणजे क्षाराचं आयुष्य

डायझोनियम क्लोराइड पाण्यात भरपूर विरघळतो, घन रूपात ओलावा ओढतो आणि कोरडा झाला तर धोकादायक. शेजारच्याच व्हॅटमध्ये कपलिंग असेल तर क्लोराइड उत्तम. तयार करा, गाळा, लगेच वापरा. पण पूड डब्यात भरून दुसऱ्या गावी पाठवायची असेल तर मोठा, स्थिर ऋण आयन द्यावा लागतो.

सगळ्यात रूढ वाट झिंक क्लोराइडची. डायझोच्या नितळ द्रावणात झिंक क्लोराइड आणि मीठ घातलं की दोन डायझोनियम आयनांमागे एक टेट्राक्लोरोझिंकेट आयन येऊन दुहेरी क्षाराचे स्फटिक पडतात. द्रावण आधी गाळून नितळ केलेलं नसेल तर डांबरी चिकटा स्फटिकांत अडकतो आणि तोच पुढे विघटनाला सुरुवात करून देतो. दुसरी वाट नॅफ्थॅलीन-१,५-डायसल्फोनेटची. हा मोठा आयन दोन डायझोनियमना एकत्र धरतो आणि क्षार झटक्याला किंवा उष्णतेला कमी संवेदनशील होतो. फास्ट रेड टीआर या दोन्ही रूपांत मिळतो, कापडासाठी नाही, तर प्रयोगशाळेत पेशी रंगवण्यासाठी. धन आयन तोच, शेड तीच, विद्राव्यता आणि टिकाव वेगळे.

तिसरी वाट टेट्राफ्लुओरोबोरेट. हा क्षार पाण्यात कमी विरघळतो, पुष्कळ वेळा कोरडा वजन करून वापरता येतो. लघवीच्या तपासणीच्या काही पट्ट्यांवर २,६-डायक्लोरोबेन्झीनडायझोनियमचा हाच क्षार असतो: पट्टी महिनोन्महिने डब्यात राहायची, म्हणून ऋण आयन टिकाऊ, ओली झाल्यावर पटकन रंग द्यायचा, म्हणून वलयावर दोन क्लोरीन. पण कोरडा तापवला तर हा क्षार बोरॉन ट्रायफ्लुओराइड आणि नायट्रोजन सोडून वलयावर फ्लुओरिन बसवतो. बाल्झ आणि शीमान यांनी १९२७ मध्ये दाखवलेली ही क्रिया फ्लुओरो संयुगं बनवायला उपयोगी आहे, रंगवाल्यांना मात्र तापमानाचा इशारा आहे. फ्लुओरिन महाग आणि सांडपाण्यात त्रासदायक, म्हणून कापडाच्या धंद्यात हा आयन परवडत नाही.

कोणताही ऋण आयन असो, शुद्ध क्षार तसाच वाळवून डब्यात भरत नाहीत. गाळून मिळालेल्या ओल्या केकमध्ये अर्धवट निर्जल केलेलं ॲल्युमिनियम सल्फेट किंवा निर्जल सोडियम सल्फेट मिसळतात. ते ओलावा शोषून घेतं आणि क्षाराच्या कणांना एकमेकांपासून दूरही ठेवतं. बाजारातल्या फास्ट सॉल्टमध्ये बेसच्या हिशोबाने साधारण पाचवा हिस्साच खरा माल असतो, आणि तो तसाच असायला हवा. 'कॉन्सन्ट्रेटेड' म्हणून कमी भराव असलेला माल स्वस्त वाटला तरी गोदामात तो जास्त जोखमीचा. फ्लँजच्या सांध्यात, व्हॉल्व्हच्या आट्यांत, फिल्टर प्रेसच्या कापडाच्या शिवणीत वाळून बसलेला थर तर त्याहून धोक्याचा. तिथे भराव नसतो, नुसता कोरडा डायझो असतो, आणि पाना लावला की घर्षण मिळतं. अशी जागा आधी पाण्याने भिजवून, धुऊनच उघडायची. लोखंड आणि तांब्याचे अंश विघटन वाढवतात, म्हणून भांडी रबर-लायनिंगची किंवा काचेच्या अस्तराची.

माल जिवंत आहे का, हे बघायला नायट्रोमीटर (सुटणारा नायट्रोजन मोजायचं उपकरण) पुरतो. फास्ट रेड बीचं २० टक्के बेसचं सॉल्ट १ ग्रॅम घेऊन क्युप्रस क्लोराइडबरोबर तापवलं तर ३० अंशांना साधारण ३० मिलिलिटर नायट्रोजन मिळायला हवा. २२-२३ मिळाला तर चौथा हिस्सा वाटेतच मेलाय. एवढंही साधन नसेल तर गाळणकागदावर नॅफ्थॉलचं द्रावण लावून सॉल्टचा थेंब टाका आणि चांगल्या जुन्या नमुन्याशेजारी ठेवून बघा. झाकण फुगलेला डबा किंवा पाण्यात टाकल्यावर फेस आणि तपकिरी साय देणारी पूड तपासायचीही गरज नाही.

काही वेळा आयन टिकवण्यापेक्षा त्याला निजवून ठेवणं सोयीचं पडतं. तीव्र अल्कलीत डायझोनियमचं रूपांतर डायझोटेटमध्ये होतं आणि ते कपलिंग करत नाही. म्हणून ते नॅफ्थॉलबरोबर एकाच डब्यात मिसळून छपाईची पेस्ट करता येते. कापडावर छापल्यावर आम्लाची वाफ दिली की रंग उमलतो. छापखान्यात यांनाच रॅपिड फास्ट रंग म्हणतात. रॅपिडोजेनमध्ये डायझोला सार्कोसिनसारख्या अमाइनशी बांधून ठेवतात. वर ज्याला दोष म्हटलं तोच डायझोअमिनो बंध इथे मुद्दाम घडवलेला असतो.

जुन्या ॲमोनिया प्रिंटमागेही हीच योजना होती. आर्किटेक्टच्या नकाशाच्या कागदावर पॅरा-डायइथाइलअमिनो डायझोनियमचा झिंक दुहेरी क्षार, कपलर आणि टार्टारिकसारखं आम्ल एकत्र लावलेलं असे. आम्लामुळे कपलिंग थांबून राहायचं. ट्रेसिंगमधून प्रकाश पडेल तिथला डायझो मरून जायचा, रेघांखालचा वाचायचा, आणि ॲमोनियाची वाफ आम्ल मारून टाकायची तेव्हा फक्त रेघा रंगायच्या.

झिंकचा एक हिशोब मात्र राहतो, आणि नंदेसरीसारख्या वसाहतीत तो टाळता येत नाही. दोन डायझोनियममागे एक झिंक, म्हणजे १०० किलो फास्ट रेड बी बेस झिंक क्षारात घातला तर निदान साडेएकोणीस किलो झिंक त्याच्याबरोबर जातं. गाळल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं जादा झिंक वेगळं. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकात नदी-ओढ्यात सोडायला झिंक लिटरला ५ मिलिग्रॅम आणि समुद्रकिनारी १५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ५ च्या हिशोबाने ते साडेएकोणीस किलो ३९ लाख लिटर पाण्यात पसरावं लागेल. पाणी घालून मर्यादा गाठणं अर्थातच मान्य नाही, म्हणून ते चुन्याने पीएच ९ च्या आसपास नेऊन हायड्रॉक्साइड म्हणून पाडावं लागतं. वडोदऱ्याच्या उत्तरेकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी पन्नासहून जास्त किलोमीटरच्या कालव्यातून महीच्या मुखाकडे जातं, आणि वाटेत गावं आणि शेतं आहेत. डायसल्फोनेट घेतलं तर झिंक वाचतं, पण तो आयन जिवाणूंना सहज पचत नाही आणि सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय मळाचं माप) वाढवतो. म्हणून कपलिंग स्वतःच्याच आवारात असेल तर सॉल्ट बनवूच नये, डायझो ताजा करून वापरावा. जादा ऋण आयन नाही, भराव नाही, वाळवणीचा धोका नाही.

बॅच संपल्यावर उरलेला डायझो गटारात किंवा मोकळ्या ड्रममध्ये सोडायचा नाही. तो बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कली द्रावणात, पीएच ९ ते १० राखून, ढवळत सोडायचा. पीएच १२ च्या वर गेला तर डायझोटेट होऊन तो मेल्यासारखा दिसेल, पण पुढे आम्ल लागताच जागा होईल. पूर्ण संपला का, ते बघायला गाळणकागदावर एक थेंब त्या पाण्याचा आणि शेजारी एक थेंब एच-आम्ल या कपलरच्या अल्कली द्रावणाचा टाका. दोन्ही ओले डाग जिथे मिळतात तिथे जांभळट-लाल रेघ उमटली तर डायझो अजून शिल्लक आहे. आणखी नॅफ्थॉल घाला आणि दहा मिनिटांनी पुन्हा थेंब टाका.